डोळ्यावरचं कुंकू

साईनाथला त्या शटरचं भारी कौतुक. कल्याणजवळच्या मोहन्यात त्यांच्या आळीत खाली गाडी आणि वर घर अशी चार-सहा घरं असतील, पण बाकीच्यांची शटरं हातानं ओढायची, वर सरकवली की अख्ख्या आळीच्या कानठळ्या बसवणारी. याचं मात्र मोटारीवरचं. रिमोट दाबला की गुरगुरत खाली, परत दाबला की वर. बसवलं तेव्हा त्यानं वर्तकनगरहून धाकट्या बहिणीला खास बोलावून घेतलं, आणि जागृती आली तर चहापाण्याच्या आधी तिला खाली नेऊन शटर दाखवलं. दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर एकेक काळ्या काचेचा डोळा होता. "ह्या डोळ्यातून त्या डोळ्यात किरण जातो, आपल्याला दिसत नाही. मध्ये पोर आलं, मांजर आलं, काहीही आलं की शटर आपोआप माघारी वर जातं. दक्षूला बिनधास्त खेळू दे इथे," असं म्हणत त्यानं खराटा मध्ये धरला. शटर खरंच माघारी फिरलं.

जागृतीची पोरगी दक्षता तेव्हा सात वर्षांची. मला पण करायचंय म्हणून ती हटून बसली. साईनाथ-समीक्षाला मूलबाळ नव्हतं, भाचीचा शब्द मामाला मोडवत नसे. त्यानं तिला पाय पुढे करून बसवलं, रिमोट दाबला, आणि शटर वर गेलं तशी पोरगी खिदळली. पण त्या दिवशी आपण काय शिकवून ठेवतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता साईनाथ काही अडाणी माणूस नव्हे. डोंबिवलीच्या एका कंपनीत मेन्टेनन्सचा सुपरवायझर. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, ती उघडली की मशीन बंद पडतं; त्या जाळीचा स्विच कुणी तार जोडून फसवला, की हा त्या माणसाची शिफ्टभर बिनपाण्यानं करायचा. "हात तुटला म्हणजे तार जोडायला तरी राहील काय?" असं विचारायचा. सगळी कंपनी त्याला त्यासाठी घाबरून असे.

त्याची आई रंगूबाई मूळची कोरेगावकडची. नवरा दौलतराव कारखान्यात फिटर होते. दर दसऱ्याला त्यांचे पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडून रंगूबाई हळदकुंकू वाहायच्या. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याच्या वर्षातून एकदा पाया पडायला काय जातं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. दौलतराव गेले, आणि पहिल्याच दसऱ्याला शेजारच्या दोन बाया येऊन हळूच सुचवून गेल्या, की आता हे कुंकवाचं काम सुनेकडे द्या. साईनाथ त्या बायांवर असा उखडला की त्या पुढं बरीच वर्षं पायरी चढल्या नाहीत. "आई, पूजा तूच करायची. तुझ्या हातच्या कुंकवाला कोण नाव ठेवतो ते मी बघतो," असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. त्या एका वाक्यावर ती बाई कित्येक वर्षं ताठ मानेनं वावरली.

यंदाच्या दसऱ्याला रंगूबाईंनी सकाळीच सगळी यंत्रं पुजून घेतली. मिक्सर, शिलाई मशीन, गाडी, आणि आता शटरही. झेंडूची माळ लावली, मोटारीच्या पेटीखाली भिंतीवर हळदकुंकवाची बोटं ओढली. खाली वाकल्या तर त्यांना ते दोन डोळे दिसले. राखण करतोय बिचारा, त्याला कसं वगळायचं, म्हणून दोन्ही डोळ्यांवर तेलात कालवलेलं हळदकुंकू चांगलं ठसठशीत लावलं.

संध्याकाळी सगळी मंडळी सोनं द्यायला वर्तकनगरला निघाली. गाडी बाहेर काढली, साईनाथनं रिमोट दाबला, तर शटर हातभर खाली आलं आणि परत वर. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गाडीत समीक्षा घड्याळ बघतेय, तिकडून जागृतीचा तिसरा फोन, "दादा, कुठे राहिलायस?" साईनाथचं डोकं फिरलं. नवं यंत्र आणि वर्षभरात ह्याची नाटकं सुरू. खाली वाकून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. बघितलं असतं तर डोळ्यांवरचं कुंकू दिसलं असतं, फडक्यानं पुसलं असतं, गोष्ट तिथंच मिटली असती. पण इलेक्ट्रिकचं कळणारा माणूस वाकत कशाला बसेल? तो स्टुलावर चढला, पेटी उघडली, डोळ्यांकडून येणाऱ्या दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. आता मध्ये कुणी असो नसो, मोटारीला वाटणार वाट मोकळी आहे. शटर गुमान खाली आलं. "काय झालेलं?" समीक्षानं विचारलं. "काही नाही, केलं नीट," तो म्हणाला, आणि सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलावू असं मनाशी ठरवून गाडी सोडली.

मेकॅनिक राहूनच गेला. शटर चालत होतं ना, मग कशाला आठवण होतेय.

दिवाळीची सुट्टी लागली तशी दक्षता मामाकडे आली. वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये माती कालवायला कोण देतंय, त्यामुळे किल्ला दरवर्षी मोहन्यातच व्हायचा. आळीतली पोरं जमवून तिनं शटरच्या तोंडाशीच विटा-मातीचा ढीग घातला. साईनाथ वरच्या गॅलरीत होता. दुपारी कुत्री आत शिरतात म्हणून शटर लावायची त्याची सवय. त्यानं वरूनच हाक मारली, "बाजूला व्हा रे पोरांनो," आणि खाली न बघता रिमोट दाबला. खाली कुणी असलं तर डोळा आहेच, ही वर्षभराची सवय हातात मुरलेली. टेपची आठवण मात्र त्या क्षणी डोक्यात कुठंच नव्हती.

बाकीची पोरं पळाली. दक्षता पळाली नाही. तिचा पाय शटरच्या बरोबर खाली, ओल्या मातीच्या बुरुजावर टेकलेला होता, आणि ती शटरकडं बघत बसून राहिली.

तिची किंकाळी ऐकून साईनाथनं परत बटण दाबलं, शटर वर गेलं, तो जिना कसा उतरला ते त्यालाच कळलं नाही. पोरीच्या नडगीचं हाड मोडलं होतं. कल्याणच्या हॉस्पिटलात नेताना ती त्याच्याच मांडीवर होती आणि हुंदके देत एकच सांगत होती, "मामा, मला वाटलं ते वर जाईल. तू म्हणालेलास ना, वर जातं." साईनाथनं तिचं डोकं छातीशी धरलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

प्लास्टर घालून पोरीला घरी आणलं ते मोहन्यालाच, कारण वर्तकनगरला तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. शटरच्या मागं रंगूबाईंची खोली होती, तिथं तिची खाट टाकली. जागृती आणि तिचा नवरा भावेश दोघं आली. साईनाथनं सगळ्यांसमोर हात जोडले. "माझी चूक. मी बघून दाबायला पाहिजे होतं." जागृती रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "दादा, तू काय मुद्दाम केलंस? ते शटर थांबायला नको होतं का?" लहान चूक कबूल करून मोकळा होणं किती सोपं असतं, हे साईनाथला तेव्हा कळलं. मोठी, तारांची, तशीच आत राहिली.

भावेश शटर बघायला गेला होता. तो वाकला, त्यानं दोन्हीकडचे डोळे बघितले आणि तिथूनच म्हणाला, "हे बघा. डोळ्यावर कुंकू थापलंय. दोन्हीकडे. अहो, डोळाच झाकलेला, मग त्याला पोरगी दिसणार कशी?"

दारात रंगूबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा त्या डोळ्याकडं बघितलं, एकदा आपल्या हाताकडं. "म्या लावलं," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला म्या लावलं."

साईनाथला त्या क्षणी सगळं उमगलं. दसऱ्याला शटर का बंद होत नव्हतं ते, आणि नुसत्या फडक्यानं भागलं असतं तेही. डोळा झाकला म्हणजे किरण अडला, मग शटर खाली येतच नाही, उलट वर जातं, हे त्या घरात फक्त त्याला ठाऊक होतं. तोंड उघडायचं, दोन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. पण जागृती समोर उभी होती, आणि तिच्या नजरेत आईविषयी जे होतं ते आपल्याविषयी बघायची त्याची छाती झाली नाही. "जाऊ दे, आईला काय माहीत," एवढंच तो पुटपुटला. हे बोलून आपण आईची बाजू घेतली असं सगळ्यांना वाटलं, ही त्याची खरी लाज.

पुढचं त्याहून वाईट. सगळे वर चहाला गेले तसा तो स्टूल घेऊन खाली उतरला, पेटी उघडून टेप काढली आणि तारा होत्या तशा लावल्या. पोरगी घरात आहे, शटर असं ठेवायचं नाही, एवढाच त्या वेळी त्याचा विचार होता. तोवर भावेशनं फडक्यानं डोळे पुसून ठेवलेच होते. संध्याकाळी त्यानं खराटा मध्ये धरून बघितलं तर शटर शहाण्यासारखं माघारी फिरलं. "बघितलंत? कुंकू पुसलं आणि शटर नीट झालं," भावेश म्हणाला. आईच्या विरुद्धचा पुरावा साईनाथनं स्वतःच्या हातानं उभा केला होता.

त्या दिवसापासून रंगूबाईंनी हात आखडले. सकाळची देवपूजा सुनेला सांगितली. फराळ तळायला बसल्या नाहीत; कढईपाशी माझं काय काम, म्हणाल्या. दक्षता त्यांच्याच खोलीत निजलेली, पण तिच्या अंगावरून हात फिरवायचा तर दूरच, पाण्याचा पेला द्यायचा तरी तो खाटेपाशी ठेवून मागं व्हायच्या. पोरगी म्हणायची, "आजी, वेणी घाल ना." तर म्हणायच्या, "मामी घालंल, माज्या हाताला ताकद न्हाई ऱ्हायली." दोन्ही हात पदराखाली धरून बसायच्या, थंडी वाजल्यागत. शेजारच्या त्याच दोन बाया इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पायरी चढल्या, पोरीला बघायला म्हणून, आणि नुसतं एकमेकींकडं बघितलं. रंगूबाईंनी ते बघितलं आणि मान खाली घातली.

साईनाथला घास गोड लागेना. तो आईसाठी मऊ शाल घेऊन आला, मोसंबी आणली, गुडघ्याचं तेल आणलं. त्यानं शाल त्यांच्या खांद्यावर टाकली तेव्हा रंगूबाईंनी त्याचा हात धरला. "तू लई चांगला हाईस रं. त्या बायास्नी तू हाकललंस, म्हनलास पूजा तूच कर. आता मनाला लावून घिऊ नगंस, आपन आईला करू दिलं म्हून असं झालं, असं. तुजी काय चूक? त्या बाया म्हनत व्हत्या त्येच खरं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

साईनाथ उठून बाहेर आला, गाडीत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. उद्या सांगू, मनाशी म्हणाला. उद्या पोरीला ताप होता. परवा लक्ष्मीपूजन, सणाच्या दिवशी कुठं. नेहमी काही ना काही निघायचंच. कंपनीत एका कामगारानं जाळीचा स्विच तार जोडून फसवलेला सापडला, सगळे साईनाथच्या तोंडाकडं बघत राहिले, तर हा नुसताच म्हणाला, "काढ ती," आणि निघून गेला.

भाऊबीज आली. दक्षता तिथंच, त्यामुळे यंदा ओवाळणं मोहन्यातच होतं. रंगूबाईंच्या खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. समीक्षानं तबक तयार केलं. दक्षता उशीला टेकून बघत होती. सासूबाई कुठं दिसत नाहीत म्हणून समीक्षा शोधायला गेली, तर त्या बाहेर गाडीपलीकडं प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. "तुमी उरका. शुभकामात माजी सावली नगं," म्हणाल्या. समीक्षानं आत येऊन ते सांगितलं आणि डोळे पुसले. जागृतीनं कुंकवात बोट बुडवलं आणि भावाच्या कपाळाकडं नेलं.

साईनाथनं तिचं मनगट धरलं.

"थांब. लावू नकोस. आधी ऐक."

"काय रे दादा?"

"कुंकवाने नाही झालं ते. मी केलंय." मग सगळं एका दमात बाहेर आलं. "दसऱ्याला तुझ्याकडे यायला निघालेलो तेव्हा शटर बंदच होईना. का होईना ते मी बघितलं नाही, आणि सरळ डोळ्यांच्या तारा काढून जोडून टाकल्या. डोळा तेव्हापासून बंदच होता, मी बंद केलेला. दक्षूला लागलं त्या दिवशी तुम्ही वर चहा पीत होता आणि मी खाली गुपचूप तारा परत लावत होतो. म्हणून संध्याकाळी चाललं. आईने काही नाही केलं. मला त्याच दिवशी माहीत होतं."

भावेशचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आईंना सगळ्यांसमोर," एवढंच तो म्हणाला आणि थांबला. जागृतीनं मनगट सोडवून घेतलं, तबक खाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाय तर माझ्या पोरीचा मोडला, दादा, ते एक वेळ मी गिळेन," ती म्हणाली. "पण आई तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलीय. तू रोज बघत होतास ना?"

होतो, असं साईनाथ म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

दारात रंगूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. "काय म्हनलास? कुंकू लावलं तर शटर काय करतं?"

"खाली येत नाही आई. माघारी वर जातं."

"दाव मला."

"आई, मी सांगतोय ना—"

"तुजं सांगनं ऐकलं म्या इतके दिस. आता दाव."

त्यांनी तबकातला करंडा आणि दिवा उचलला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा हात कुंकवाला लागला. सगळे बाहेर आले. दक्षतेला भावेशनं प्लास्टरसकट उचलून आणलं आणि खुर्चीत बसवलं. साईनाथनं ओवाळणीचा पाट आणला, शटरखाली आडवा उभा केला, डोळे स्वच्छ होते, रिमोट दाबला. शटर हातभर खाली आलं, थांबलं आणि माघारी गेलं. पाट काढला, दाबला. शटर नीट जमिनीला टेकलं. त्यानं परत वर घेतलं. मग रंगूबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. दिव्याच्या तेलात बोट बुडवून कुंकू कालवलं, आणि दसऱ्याला लावलं होतं तस्सं, दोन्ही डोळ्यांना ठसठशीत लावलं.

"दाब आता."

शटर हातभर खाली आलं. थांबलं. वर गेलं.

"परत दाब."

परत हातभर आलं आणि परत वर गेलं. खाली काहीच नव्हतं, मोकळी फरशी होती, तरी ते येईना.

रंगूबाईंनी त्या वर गुंडाळलेल्या पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी म्या त्याला धरलं व्हतं. तू सोडलंस." आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. साईनाथला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"आजी, मला लाव ना कुंकू," खुर्चीतून दक्षता म्हणाली. "मला कोणीच लावलं नाही."

रंगूबाई उठल्या. पोरीच्या कपाळावर त्यांनी टिकली उमटवली, गालावरून हात फिरवला, मग डोक्यावरून, मग परत गालावरून, जणू इतक्या दिवसांचं राहिलेलं भरून काढत होत्या. जागृती मध्येच पुढं वाकली, तिला लावलं. समीक्षाला लावलं. भावेश ओशाळून उभा होता, त्यालाही जवळ बोलावलं आणि लावलं. साईनाथ पुढं झाला. लहानपणी व्हायचा तसा मान तुकवून, डोळे मिटून आईसमोर उभा राहिला.

कपाळाला काही लागलं नाही म्हणून त्यानं डोळे उघडले. रंगूबाई आपलं बोट पदराला पुसत होत्या.

"त्यो डोळा पूस आधी," त्या म्हणाल्या. "नीट पूस, तेल हाय. आन् हात धुऊन ये वर, दक्षू सकाळपास्नं उपाशी हाय."

त्या जिन्याकडं वळल्या. साईनाथ फडकं घेऊन खाली वाकला आणि पुसायला लागला.